डिझाइन शिकणाऱ्यांना जकात चालत नाही?

आपल्याकडच्या शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टचे फॉर्म काढून बघा. एमबीबीएस, इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, डी.एड., आणि आता स्पर्धा परीक्षांचं कोचिंग. या सगळ्यानंतर एक रकाना उरतो, 'इतर'. बी.डेस. करायला निघालेली मुलगी त्या 'इतर'मध्ये जाऊन बसते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझी दोन वर्षांची फी अशाच एका ट्रस्टने भरली होती, त्यामुळे या मंडळींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण अर्ज तपासायला मदत म्हणून मी जिथे जातो तिथे ऐकलेलं एक वाक्य पचत नाही. पॉवरलूम कामगाराच्या मुलीचा अर्ज समोर होता, टेक्स्टाईल डिझाइनसाठी. एक बुजुर्ग म्हणाले, "जकातीचा पैसा चित्रं काढायला कसा द्यायचा?"

चाचा, घेणारा गरजू आहे की नाही, एवढं बघा. तो हाडांची नावं पाठ करतो की रंगांची, यावर त्याची गरज कमी-जास्त होत नाही. तसवीर जायज की नाजायज हा वाद उलेमांनी घालावा; पण खुर्ची, औषधाच्या बाटलीचं झाकण, साडीचा काठ, तिकीट काढायचं ॲप, यांत कुठली तसवीर आली? उर्दू वर्तमानपत्रं एके काळी कातिब हाताने लिहायचे. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाईप कंपनीसोबत नूरी नस्तालिक तयार केलं, हजारो अक्षरजोडण्या स्वतःच्या हाताने लिहून, आणि उर्दू कॉम्प्युटरवर छापली जाऊ लागली. हेही डिझाइनच होतं. त्यांनाही आपण 'इतर'मध्ये टाकलं असतं.

"नोकरी मिळेल का?" हा दुसरा प्रश्न. विचारायलाच हवा. मग तो इंजिनिअरिंगवाल्यालाही विचारा ना. ज्या कॉलेजांत दरवर्षी जागा रिकाम्या राहतात, तिथल्या फीचा चेक आपण डोळे मिटून फाडतो. माझ्या टीममध्ये स्क्रीनवर काय दिसेल, कुठे दाबल्यावर काय होईल, हे डिझायनर ठरवते. तिने आखलेलं मी बांधतो. डिझायनरच्या खुर्चीवर आपल्या मोहल्ल्यातलं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

आणि हे कुणाबद्दल चाललंय? भिवंडी-मालेगावचे माग कुणाच्या हातांनी चालतात? औरंगाबादचा हिमरू कुणी विणला? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत माळ्यावर कारचोब मांडून जरीकाम कोण करतं? हात आपले, मजुरी मीटरवर किंवा नगावर. नक्षी कुणाची, नाव कुणाचं, किंमत कोण ठरवणार, हे मात्र दुसरीकडे ठरतं. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, 1961 मध्ये सुरू झाली. तिच्यामागे चार्ल्स आणि रे ईम्स यांचा 1958 चा अहवाल होता. त्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं आहे? साध्या लोट्याचं. पिढ्यान्‌पिढ्या हातांनी घडवत आणलेल्या वस्तूचं. त्या हातांची मुलं संस्थेच्या दारापर्यंत पोचावीत, एवढंच मागणं आहे.

ते अशक्य नाही. कच्छमध्ये अजरख छापणारे खत्री बघा. अजरखपूरचे इस्माईल मोहम्मद खत्री यांना 2003 मध्ये इंग्लंडच्या डी माँटफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. 2005 मध्ये तिथे कला रक्षा विद्यालय निघालं, खास कारागिरांना डिझाइन शिकवणारं.

खरी अडचण पैशाच्या वेळेची आहे, आणि ती फॉर्म छापणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. आपली शिष्यवृत्ती प्रवेशाची पावती मागते. डिझाइनमधला मोठा खर्च प्रवेशाच्या आधी सुरू होतो. एनआयडीला लेखी परीक्षेनंतर स्टुडिओ टेस्ट. आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड परीक्षेत चित्र काढावं लागतं, पेपर फक्त इंग्रजीत, आणि लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनच संधी. रंग, कागद, कोचिंग, परीक्षेची फी, प्रवास. ब्लेंडर फुकट मिळतं, पण ते चालवणारा लॅपटॉप फुकट मिळत नाही. आणि आपल्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक शेवटचा कधी नेमला गेला? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना किती मुलं बसली? आधीच्या या टप्प्यावर दहा-पंधरा हजार रुपये मिळाले नाहीत, तर नंतरचे लाख रुपये मागायला कुणी येतच नाही. मग समिती म्हणते, "या विषयाचे अर्जच येत नाहीत."

सरकारला सोडायचं नाहीच. 2022 मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली, परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी 'पढो परदेश'ही बंद झाली. त्यावर ओरड झाली, योग्यच झाली. पण जकातीच्या पेटीची किल्ली दिल्लीत नाही, आपल्याच मोहल्ल्यात आहे.

ट्रस्टच्या समितीत एक तरी माणूस पोर्टफोलिओ वाचता येणारा घ्या. डॉक्टर आणि सीए मार्कशीट वाचतात. स्केचबुक बघून ते काय ठरवणार? आणि बारावीतल्या मुलामुलींनो, यूसीडला आर्ट्स, कॉमर्स, सायन्स सगळं चालतं. मोमीन, खाटीक, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या घरांतून असाल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला आत्ताच काढायला टाका, तहसीलची खिडकी शेवटच्या आठवड्यात कुणाचं ऐकत नाही. अर्ज साधारण ऑक्टोबरमध्ये सुटतात, परीक्षा जानेवारीत असते. ट्रस्टच्या ऑफिसात सप्टेंबरमध्येच जा, प्रवेशाची पावती न घेता. परत पाठवलं, तर कारण लेखी मागा.