विश्लेषण : ‘सीओपीडी’च्या रुग्णांना रात्र जड का जाते?

दिवसा बोटाला ऑक्सिमीटर लावला की ९४ आकडा दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण रात्री तीन वाजता तेच आजोबा पाठीशी दोन उशा घेऊन पलंगावर बसलेले असतात. सकाळी डोके जड, दिवसभर पेंग. ‘वय झाले, झोप कमी होणारच,’ असे घरात ठरून गेलेले असते. फुप्फुसांच्या जुनाट आजारात, म्हणजे सीओपीडीत, सगळा दोष असा वयावर टाकून चालत नाही.

झोपेत नेमके काय होते?

झोपेत प्रत्येकाचाच श्वास उथळ होतो. बहुतेक स्वप्ने पडतात त्या ‘रेम’ टप्प्यात मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात. श्वासाचा भार छाती आणि पोटामधल्या पडद्यावर येतो. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. सीओपीडीत मात्र हवा अडकून फुप्फुसे फुगलेली असतात आणि घुमटासारखा हा पडदा दबून सपाट झालेला असतो. त्याचा जोर आधीच कमी. मग ऑक्सिजन घसरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. रेमचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात, म्हणून ही घसरणही पहाटे अधिक. दिवसाच्या ऑक्सिमीटरला यातले काही दिसत नाही.

काही रुग्णांना याच्या जोडीला घोरताना श्वास अडकण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया असतो. या दुहेरी दुखण्याला डेव्हिड फ्लेनली यांनी १९८५ मध्ये ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ म्हटले. काही वेळा औषधेही झोप मोडतात. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते. थिओफिलिन तर कॅफिनचे रासायनिक भावंडच. गोळीची वेळ बदलता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारले तरी काहींची रात्र सुधारते.

मग झोपेची गोळी का नको?

खरा धोका इथे आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या श्वासाची प्रेरणाच मंदावतात. आजार बळावलेला असेल, तर झोप लागल्यासारखी दिसते आणि कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो. हे औषध ‘शेड्यूल एच१’मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी आहे आणि दुकानदाराने नोंद ठेवणेही बंधनकारक. तरीही शेजाऱ्याच्या डबीतली अर्धी गोळी आजोबांना दिली जाते, ती प्रेमापोटीच.

करोनानंतर अनेक घरांत आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचेही तसेच. मनाने नळीतला प्रवाह वाढवला, तर काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. तो सतत जास्त राहणाऱ्यांना ऑक्सिजनसोबत रात्री मास्कने श्वास देणारे बायपॅप यंत्र लागू शकते. तो निर्णय रक्ततपासणीनंतर छातीविकारतज्ज्ञांचा.

दवाखान्यात काय सांगावे?

२०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे अंदाजे ५.५३ कोटी रुग्ण होते. त्यात विडीला कधी हात न लावलेल्या, पण चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकाही आहेत. गर्दीच्या ओपीडीत खोकला, दम, कफ विचारला जातो, झोप क्वचितच. म्हणून घरच्यांनीच सांगायला हवे : किती वेळा उठतात, सकाळी डोके दुखते का, घोरताना श्वास थांबतो का. रात्रीच्या घोरण्याचा मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडीओही डॉक्टरांच्या कामी येतो.