औषध स्वस्त, सुरक्षितता महाग

औषधाची किंमत किती, असे विचारले की दुकानदार वेष्टनावर छापलेला आकडा दाखवतो. हा आकडा अपुरा असतो. ज्या औषधासोबत रक्ताच्या तपासण्या, तज्ज्ञाच्या वारंवार भेटी आणि कित्येक महिन्यांची देखरेख अपरिहार्य असते, त्या औषधाची खरी किंमत या सर्वांची बेरीज असते. या बेरजेतली पहिली रक्कम, म्हणजे गोळी, बाजार तत्परतेने पुरवतो. उरलेल्या रकमा रुग्णाच्या ऐपतीवर सोडल्या जातात. ज्याची ऐपत आहे त्याला औषध आणि सुरक्षितता दोन्ही मिळतात. ज्याची नाही त्याला नुसते औषध मिळते. तीव्र तारुण्यपिटिकांवर दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाची पुणे शहरातील स्थिती नेमकी अशी आहे.

हे औषध ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले. त्वचेतील तैलग्रंथी आकसून टाकण्याचे काम ते करते. अमेरिकेत त्याला १९८२ साली मान्यता मिळाली, आणि खोल गाठी येऊन चेहऱ्यावर कायमचे व्रण ठेवणाऱ्या मुरमांवर इतका परिणामकारक उपाय तोवर उपलब्ध नव्हता, हे निर्विवाद आहे. चेहरा विद्रूप झाल्यामुळे महाविद्यालयात जाणे टाळणाऱ्या तरुणाचे दुःख क्षुल्लक म्हणून उडवून लावणे हा निव्वळ निर्दयपणा होय. तेव्हा या औषधावर बंदी घाला, अशी मागणी येथे अभिप्रेत नाही. प्रश्न निराळा आहे. ज्या अटींवर हे औषध सुरक्षित ठरते त्या अटी पाळल्या जाव्यात, ही जबाबदारी कोणाची?

अटी कशासाठी, हे प्रथम पाहिले पाहिजे. ओठ व त्वचा कोरडी पडणे हा त्रास जवळजवळ प्रत्येकाला होतो. तो सुसह्य असतो. परंतु रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढू शकते, यकृतावर ताण येऊ शकतो, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. तारुण्यपिटिकांवरच सर्रास दिल्या जाणाऱ्या टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांसोबत हे औषध घेतले गेल्यास कवटीतील दाब वाढून दृष्टीला अपाय होण्याचा धोका असतो. म्हणजे घरात उरलेली जुनी गोळी आणि दुकानातून आणलेली नवी गोळी यांची गाठ पडू नये, एवढ्यासाठी तरी जाणकाराची नजर हवी. मनावरील परिणामांविषयी संशोधकांत एकमत नाही. मोठ्या पाहण्यांत सरसकट वाढलेला धोका आढळत नाही, तथापि काही रुग्णांत नैराश्याच्या व आत्महत्येच्या विचारांच्या नोंदी झाल्या आहेत. म्हणूनच ब्रिटनमध्ये २०२३ साली अठरा वर्षांखालील रुग्णाला हे औषध सुरू करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांची संमती आवश्यक करण्यात आली.

सर्वांत भीषण धोका गर्भाला आहे. गर्भारपणात हे औषध पोटात गेल्यास बाळाचे कान, चेहरा, मेंदू व हृदय यांत गंभीर व्यंगे निर्माण होतात. असे व्यंग येण्याची शक्यता वीस ते पस्तीस टक्के सांगितली जाते, गर्भपाताचा धोका वेगळाच. अपाय होतो तो पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे स्त्रीला कळण्यापूर्वीच. औषध बाजारात येऊन वर्ष उलटते न उलटते तोच, १९८३ साली, अशा बालकांच्या नोंदी अमेरिकेत होऊ लागल्या. थॅलिडोमाइडची शोकांतिका घडून जेमतेम दोन दशके लोटली होती. तरीही परिणामकारक नियंत्रण यायला २००६ साल उजाडावे लागले. तेव्हापासून तेथे ‘आयप्लेज’ नावाच्या व्यवस्थेत रुग्णाची नोंद झाल्याशिवाय, आणि गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रीची तपासणी झाल्याशिवाय, दुकानदाराला हे औषध देताच येत नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरातसुद्धा बाजाराच्या सद्सद्विवेकावर विसंबता आले नाही, याची नोंद मुक्त बाजाराच्या आपल्याकडील भाटांनी घ्यावी.

आपल्याकडे काय आहे? १९४५ च्या औषध नियमांतील ‘एच’ परिशिष्टात हे औषध आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही. कागदावर कायदा आहे. पण चिठ्ठीशिवाय औषध मिळणे ही पुण्यात कोणालाही बातमी वाटणार नाही. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धापरीक्षांच्या तयारीसाठी खेड्यापाड्यांतून आलेली हजारो मुले-मुली खोल्या घेऊन राहतात. मैत्रिणीला गुण आला म्हणून तिच्या चिठ्ठीवरचे नाव दुकानात सांगायचे, परवडतील तेवढ्या गोळ्या घ्यायच्या आणि महिनाअखेरीस पैसे संपले की थांबायचे, हा व्यवहार अशा ठिकाणी सहज घडतो. सुस्थितीतील कुटुंबातली मुलगी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाते, रक्त तपासून घेते, महिन्याला पुन्हा जाते. गोळी दोघींची एकच. जोखीम मात्र वर्गानुसार वाटली जाते. विषमतेचे मोजमाप करणाऱ्या कोणत्याही सरकारी तक्त्यात ही वाटणी सापडणार नाही.

यात आपल्या सोवळेपणाची भर पडते. हे औषध सुरू करण्यापूर्वी महिनाभर, चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळणे अत्यावश्यक आहे. ही गोष्ट अविवाहित मुलीला स्पष्ट शब्दांत सांगणे डॉक्टरला अवघड वाटते, आईला अभद्र वाटते आणि दुकानदाराला आपले कामच वाटत नाही. लग्न ठरले म्हणून चेहरा नितळ करण्याची घाई झालेल्या मुलीच्या बाबतीत तर हे मौन अधिकच घातक ठरते, कारण औषधाचा शेवटचा महिना आणि संसाराचा पहिला महिना एकच असू शकतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी खटले व उपहास सोसले. त्यांच्याच महाराष्ट्रात जवळजवळ शंभर वर्षांनंतर एका औषधाची आवश्यक सूचना लाजेपोटी गिळली जावी, हे लांछनास्पद आहे.

दुसरीकडे, हा रोग वाढवण्याचे कामही बाजारच करतो. गोरेपणाच्या हव्यासाला खतपाणी घालायचे आणि त्या हव्यासावर स्टेरॉइडयुक्त मलमे खपवायची, हा धंदा देशभर वर्षानुवर्षे चालला. अशी मलमे दीर्घकाळ लावल्याने त्वचा पातळ होते, चेहरा लाल पडतो आणि मुरमेही येतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सतत आवाज उठवल्यावर २०१८ साली शासनाने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीच्या बंधनाखाली आणली. त्याआधी पळवाट होती आणि त्यानंतर अंमलबजावणी नाही. आधी व्याधी विकायची, मग तिच्यावरचा उतारा विकायचा. नफा दोन्ही वेळा.

यावर ठरलेले उत्तर असे की रुग्णाने स्वतः जबाबदारीने वागावे, माहिती वेष्टनावर असतेच. वेष्टनावरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचून ज्याने औषधशास्त्र जाणून घ्यावे अशी अपेक्षा आहे, तो ग्राहक पाठ्यपुस्तकातील पूर्ण माहितगार ग्राहक होय. तो पाठ्यपुस्तकाबाहेर कधी कोणाला भेटलेला नाही. आणि अंमलबजावणी अशक्य आहे, हेही खरे नाही. अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना महेश झगडे यांनी २०१२-१३ च्या सुमारास फार्मासिस्टची उपस्थिती आणि चिठ्ठी या दोन साध्या अटींचा आग्रह धरला, तेव्हा राज्यभर दुकानांची झाडाझडती झाली, परवाने निलंबित झाले आणि विक्रेत्यांच्या संघटनांनी बंदचे हत्यार उपसले. कायदा पाळायला लावणे शक्य आहे, हे त्या काळाने दाखवले. तो पाळायला लावणे हितसंबंधीयांना सोसवत नाही, हेही दाखवले. जे एका अधिकाऱ्याच्या निर्धारावर अवलंबून असते ते धोरण नव्हे, तो योगायोग होय.

औषध हा इतर मालासारखा माल नव्हे, ही जाणीव या देशाला एके काळी होती. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती याच जाणिवेतून. १९७५ च्या हाथी समितीने बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाची शिफारस केली तीही याच जाणिवेतून. पिंपरीचा तो कारखाना विकून टाकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली घेतला. कारखान्याबरोबर ती जाणीवही विक्रीला काढली गेली.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. क्षयरोगाची काही औषधे व निवडक प्रतिजैविके ज्या ‘एच-१’ परिशिष्टात आहेत, त्यात आयसोट्रेटिनॉइनचा समावेश व्हावा, म्हणजे डॉक्टरचे व रुग्णाचे नाव आणि दिलेली संख्या यांची वही दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागेल. एका वेळी महिन्याभराहून अधिक गोळ्या दिल्या जाऊ नयेत. वेष्टनात मराठीतून, मोठ्या अक्षरांत, चित्रासह इशारा असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, ससूनमध्ये तसेच महापालिकेच्या दवाखान्यांत या रुग्णांच्या तपासण्या व गर्भधारणेची चाचणी विनामूल्य व्हावी. सुरक्षितता हा औषधाचाच भाग आहे. ती वेगळी विकली जाता कामा नये.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांना स्वस्थ बसण्याचे कारण नाही. वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत ही माहिती निःसंकोचपणे पोचवता येईल. गणेशोत्सवात व जयंत्यांना मंडळे रक्तदान शिबिरे भरवतात. हे औषध घेणाऱ्याने, आणि ते थांबवल्यावर महिना होईपर्यंत, रक्तदान करू नये, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढवले जाऊ शकते, ही सूचना तेथे लावता येईल. औषधाचा अपाय झाल्यास १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर रुग्ण स्वतः नोंद करू शकतो, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे. ज्या अपायाची नोंद होत नाही तो शासनाच्या लेखी घडलेलाच नसतो, आणि जो घडलाच नाही त्याचा जाब कोणाला विचारणार? नोंदी वाढल्या की जाब विचारता येईल.