नरक्या का तोडला जातो? आणि तो का वाचायला हवा?

शिरवळहून सुरूर फाट्याला वळून वाई, पाचगणीमार्गे महाबळेश्वरला आपण अनेकदा जातो. त्या डोंगरात नरक्या नावाचे छोटे झाड आहे. फुलांना उग्र दर्प. बहुतेकांना हे नाव कळते ते चोरट्या तोडीच्या बातम्यांतून.

एवढी मागणी कशासाठी?
नरक्यात कॅम्पटोथेसिन हे रसायन असते. नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी अमेरिकेत १९६६ मध्ये ते कॅम्पटोथेका या चिनी झाडातून शोधले. त्यापासून बनलेल्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या कर्करोगावरील औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

झाड ते बनवते कसे?
सुरुवात होते ट्रिप्टोफॅनपासून. हे अमिनो आम्ल प्रत्येक वनस्पतीत असते. पुढची प्रत्येक पायरी एकेक एन्झाइम पार पाडते. नवे एन्झाइम बहुधा जुन्यातूनच घडते. जनुकाची चुकून जादा प्रत तयार होते. एक प्रत जुने काम सांभाळते, दुसरीत बदल साचत जातात. त्यातला एखादा बदल कीड रोखणारे रसायन देतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. चालू फाइलला हात न लावता तिच्या कॉपीवर प्रयोग करावेत, तसेच हे.

स्वतःला विषबाधा का होत नाही?
डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज एन्झाइमला कॅम्पटोथेसिन जखडते आणि पेशी मरते. कॅम्पटोथेकाने स्वतःच्या या एन्झाइममध्ये एकच अमिनो आम्ल बदलले आहे. म्हणून ते बचावते.

मग अडचण कुठे आहे?
मुळे आणि सालीत हे रसायन जास्त असते. त्यामुळे पाने खुडून भागत नाही, अख्खे झाडच जाते. केवळ गस्त वाढवून हे थांबेल असे वाटत नाही. वनविभागाने रोपवाटिकांतून रोपे द्यावीत, घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्यांना बांधावर लावू द्यावीत आणि विक्रीचा परवाना सोपा करावा. लागवडीचा माल मिळू लागला, तरच जंगलातल्या झाडावरची कुऱ्हाड थांबेल. कंपन्यांनीही माल कुठून आला याचा पुरावा मागायला हवा.

ही रेसिपी लिहायला निसर्गाला लाखो वर्षे लागली. ती पुसायला एक कुऱ्हाड पुरते.