भाजीचा ट्रक आणि चालकाची झोप

गोमंतकातील पुष्कळशा घरांत दुपारी ताटात पडणारी भाजी आदल्या रात्री बेळगावहून निघालेली असते, याचा आपणांस सहसा विसर पडतो. जांबोटी-कणकुंबी मागे टाकून, चोर्ला घाटाची वळणे उतरून हे ट्रक व टेम्पो केरीमार्गे साखळी-डिचोलीस येतात. महाराष्ट्राचा माल पत्रादेवीवरून पेडण्यात शिरतो. नाशिवंत मालाचे मोल तासागणिक उतरते, म्हणून बाजार भरण्यापूर्वी पोचणे भागच असते. या घाईची किंमत मात्र चालक आपल्या झोपेने चुकवितो.

दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच ठरविले होते. परंतु तो कायदा मुख्यतः पाच वा अधिक कामगारांच्या व्यवसायांपुरता होता. पुढे कायदे बदलले, तरी एका ट्रकचा मालक आणि त्याचा एकुलता चालक यांचे तास घाटात कोण मोजणार?

मार्च २०२० च्या टाळेबंदीत भाजी मिळेना, तेव्हा या माणसांचे मोल आपणांस कळले. चवथीच्या गर्दीतही ते कळते, एरव्ही नाही. साखळी व पत्रादेवी येथे निवारा, पाणी व शौचालय यांची सोय सरकारने करावी. उशिरापोटी भाडे कापण्याची अट व्यापाऱ्यांनी घालू नये. तासभर उशिरा आलेली भाजी खपते. घाटात गेलेला जीव परत येत नाही.