गुणफलकावर न दिसणारा बचावपटू

बारामती-इंदापूर पट्ट्यात कबड्डीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: चढाईत गुण किती? बचावपटूची मोजदाद पकडींवर संपते. हा अन्याय आहे. कोपरारक्षक घोटा धरतो. मध्यरेषेकडे झेपावणाऱ्या चढाईपटूवर मध्यरक्षक अंग टाकतो, तेव्हा पकड पुरी होते. गुण मात्र एकाच्याच नावावर.

बास्केटबॉलमधल्या उंच सेंटरचंही तेच. रिबाउंड, ब्लॉक मोजले जातात. त्याला पाहून बास्केटखाली शिरायचं टाळणारा प्रतिस्पर्धी कोण मोजतो? म्हणून तिथे ‘प्लस-मायनस’ आलं: तो कोर्टवर असताना संघ किती गुणांनी पुढे गेला किंवा मागे पडला. सोबती दमदार असले की हा आकडाही फुगतो, तरी प्रश्न रास्त आहे.

कबड्डीत तर बचावपटू एकाच सामन्यात अनेकदा बाद होतो, परत येतो. मग गुणलेखकाच्या वहीत दोन रकाने वाढवा: तो आत असताना दिलेले गुण आणि बाहेर असतानाचे. तो बाहेर असताना एक गडी कमी असतोच, म्हणून त्या गुणांची तुलना इतर बचावपटू बाद असतानाच्या गुणांशी व्हावी. तालुक्याच्या निवड चाचणीपासूनच हे सुरू करा.