इंटरव्ह्यूची निम्मी तयारी घरातच!

‘‘पोस्टिंग बेंगळुरूला मिळालं तर जाल का?’’

प्रश्न तसा साधाच. पण आपल्या नांदेड-लातूरकडच्या कितीतरी मुली नेमक्या इथंच अडखळतात. ‘‘घरी विचारून सांगते, सर,’’ असं पटकन तोंडातून निघून जातं. प्रोग्राम बरोबर लिहिलेला असतो, मार्कही चांगले असतात. तरी समोरच्या साहेबांना वाटतं, ही पोरगी येईल की नाही कुणास ठाऊक!

मैत्रिणींनो, हुशारी आपल्याकडे कमी नाही. लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं. नांदेडची श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून इंजिनिअर घडवते आहे. २०२४-२५ पासून तर वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकारनं माफ केली. म्हणजे इंजिनिअर मुलींची रांग आता वाढणार.

पण दार मात्र अरुंद झालंय. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून कर्मचारी संख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं आणखी बारा हजारांच्या आसपास लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. जुन्याजाणत्यांची ही गत, तर नवख्यांना घेताना कंपनी दहादा पारखणारच!

ही पारख होते कशी? आधी ऑनलाइन परीक्षा, मग टेक्निकल इंटरव्ह्यू, शेवटी एचआर. दहावी, बारावी आणि डिग्रीला ६० टक्के हवेत, अशी बऱ्याच ठिकाणी अट असते. पण मार्कांनी फक्त फाटक उघडतं. आत गेल्यावर विचारतात, ‘‘प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस? हे असंच का लिहिलंस?’’ साधा कोड आता एआयसुद्धा लिहून देतो. त्यामुळे या ‘का’ला जास्तच महत्त्व आलंय. इथं पाठांतर चालत नाही आणि विकत आणलेला रेडिमेड प्रोजेक्ट तर दोन प्रश्नांतच उघडा पडतो.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं कॉम्प्युटर येतो? नाही आला तरी चालेल. लेकीला समोर बसवा आणि म्हणा, ‘‘तुझा प्रोजेक्ट मला मराठीत सांग.’’ डेटाबेसमधला ‘जॉइन’ विचारा. तिनं तुमच्या बचत गटाचंच उदाहरण द्यावं. एक यादी सभासदांची, दुसरी या महिन्यात हप्ता भरलेल्यांची. दोन्ही जोडून फक्त भरलेल्यांचीच नावं काढली, तो इनर जॉइन. सगळ्या सभासद घेतल्या आणि न भरलेल्यांपुढे जागा रिकामी सोडली, तो लेफ्ट जॉइन. आईला कळेल असं जिला सांगता आलं, ती साहेबांपुढे गडबडणार नाही. हेच मग रोज दहा मिनिटं इंग्रजीतून बोलायचं. चुकलं तर चुकू द्या, हसू मात्र नका.

आणि बेंगळुरूचं काय? त्याचं उत्तर लेकीनं एकटीनं द्यायचं नसतं. लातूरहून पुणं सव्वातीनशे किलोमीटर, नांदेडहून त्याहून लांब. तिथं होस्टेलवर राहायचं का, नाइट शिफ्ट चालेल का, लग्नाचं किती दिवस थांबवायचं, हे सगळं रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसायच्या आधीच घरात बोलून ठरवा. बाबांनाही त्यात बसवा. ‘‘सहा महिन्यांत नोकरी लागली नाही तर स्थळं बघू,’’ अशी टांगती तलवार डोक्यावर असली की येणारं उत्तरसुद्धा विसरतं. एकदोन नकार तर येणारच. पहिल्याच फटक्यात लागेल, असं कुणी सांगावं!

चार वर्षं शिकवलंत, तशी आणखी एक वर्षाची मुदत तिला द्या. मग ‘‘जाल का?’’ म्हटल्यावर ती मान वर करून म्हणेल, ‘‘हो, जाईन. घरी ठरलंय आमचं.’’