आपलाच पेपर पाहायला किती पैसे?

आमच्या पलूसमध्ये द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या एका बापाची लेक पदवीच्या दुसऱ्या वर्षाला एका विषयात नापास झाली. "अब्बा, पेपर चांगला गेला होता," एवढंच ती म्हणत राहिली. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायची तर शुल्क आडवं आलं. घरात दोन दिवस विचार झाला आणि अर्ज राहूनच गेला. चूक मुलीची होती की तपासणाऱ्याची, हे आता कधीच कळणार नाही.

म्हणून ही माहिती घरोघरी असायला हवी. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात ठरवून दिलं, की तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याने विद्यार्थ्याला आहे. परीक्षकाचं नाव तेवढं झाकतात. या कायद्याने अर्जाचे १० रुपये आणि पानाला २ रुपये. म्हणजे ३२ पानांचे ७४ रुपये झाले. आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या मंडळाकडून रीतसर छायाप्रत घेतली, तर विषयाला ४०० रुपये पडतात. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेचा दर ५०० होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, दोन्ही वाटा खुल्या आहेत, कोणती घ्यायची ते विद्यार्थ्याने ठरवावं.

पण इथेच मेख आहे. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज थोड्याच दिवसांत भरावा लागतो. स्वस्त वाट उशिरा पोहोचवते, वेळेवर पोहोचवणारी महाग पडते. गरिबाचं नुकसान होतं ते इथे.

विद्यापीठं म्हणतात, माणसं लागतात, कागद लागतो, उगाचच अर्ज येतील. कबूल. मग झेरॉक्सचा खर्च घ्या. पण परीक्षा फी तर मुलांनी आधीच भरलेली असते. आणि गुण वाढले तर चूक तपासणीची ठरते. त्या चुकीचे पैसे विद्यार्थ्याने का भरायचे? ते परत मिळालेच पाहिजेत.

तोवर आपण एवढं करू. निकाल लागला की त्याच आठवड्यात जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्यावा, कारण उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपून ठेवतात. दारिद्र्यरेषेखालच्या घराला शुल्क माफ आहे, त्याचा दाखला जोडावा. आणि लेक म्हणाली, पेपर चांगला गेला होता, तर तिला रागावण्याआधी तो पेपर एकदा पाहावा.